पिकअपमध्ये ऑनबोर्ड एअर कंप्रेसर: बोनेटखाली, सीटखाली की डाल्यात?

संत्राबाग
मंडळी नमस्कार. दोनेक वर्षं नुसताच वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढून राहिलो, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

गाडी टोयोटाची हायलक्स पिकअप, २०२२ ची, सेकंडहँड, मागच्या दिवाळीत घेतली. राहतो नागपुरात मानेवाड्याकडे आणि बगीचा काटोलच्या पुढे, संत्र्याचा, म्हणजे आठवड्यात दोन चकरा पक्क्या. डांबरी संपली की शेवटची चारेक किलोमीटर पांधण आहे आणि काळ्या मातीची पांधण पावसात काय असते ते इथं कोणाला सांगायची गरज नाही, चप्पल सोडून यावं लागते. टायरची हवा २० पीएसआयवर उतरवली की गाडी निघते बरोबर, पण मग डांबरीवर परत ३५ करायची कुठं? पंक्चरवाला आठ किलोमीटरवर आणि तो दुपारी झोपलेला असते. सिगारेट सॉकेटवाला छोटा पंप होता माझ्याकडे, एका टायरला पंधरा मिनिटं घेत होता, मागच्या श्रावणात त्याच्यातून धूर निघाला आणि विषय संपला.

तर आता मित्राकडून ट्विन मोटरवाला १२ व्होल्टचा कंप्रेसर घेतला आहे, अर्ध्या किमतीत, त्यानं गाडी विकली म्हणून. वस्तू चांगली आहे. प्रश्न एकच, तो बसवायचा कुठं. बोनेटखाली, मागच्या सीटखाली, डाल्यात (मागच्या उघड्या हौद्यात) पेटीमध्ये, की खाली चासीला? मला टायरशिवाय ट्रॉलीच्या टायरला पण हवा भरायची आहे आणि फवारणीच्या ब्लोअरची जाळी, ट्रॅक्टरचं रेडिएटर वगैरे हवेनं साफ करायचं आहे, म्हणजे पाच मिनिटांत आटोपणारं काम नाही. सध्या तो हॉलमध्ये सोफ्याच्या बाजूला ठेवला आहे आणि घरून रोज विचारणा होऊन राहिली की हा पाहुणा किती दिवस राहणार आहे.

वाडीचा_पोट्टा
बोनेटखाली लाव बे डोळे मिटून. बॅटरी तिथंच, वायर दीड मीटर, कुठं कापाकापी नाही, काही नाही. जगभर लोक तिथंच लावतात, ब्रॅकेट पण तयार मिळतात. मी माझ्या इसुझूच्या व्ही-क्रॉस पिकअपला लावला, तीन वर्षं झाली. बोनेट उघड, होज लाव, हवा भर, बंद कर. इतका विचार काहून करून राहिला?

टायगरट्रेल
माझी पण हायलक्सच आहे. मागच्या सीटखाली बसवलाय, डाव्या बाजूला. सीटचा बेस वर उचलला जातो ना, त्याच्या खाली. धूळ नाही, पाणी नाही, आणि चोरीला जायची भीती नाही. आवाज येतो, खोटं बोलणार नाही, पण हवा भरताना आपण बाहेरच उभे असतो. आमच्या चिखलदऱ्याच्या दोन ट्रिप आणि रामटेककडच्या कितीतरी झाल्या, एकदा फिल्टर उघडून पाहिला तर जवळजवळ पांढराच होता. हाच कंप्रेसर डाल्यात असता तर फिल्टरमध्ये गहू पेरता आला असता.

निवृत्त_वायरमन
जागेचं नंतर बघू, आधी वायरचं बघा. तुमच्या ट्विन मोटरला लोडवर ५० अँपिअरच्या आसपास करंट लागणार. आता गणित करा. तांब्याच्या १ चौरस मिमी वायरचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.०१७५ ओहम. समजा डाल्यात लावला, बॅटरीपासून पाच मीटर, जाऊन येऊन दहा मीटर. बाजारात लोक काय देतात, ६ चौरस मिमीची वायर, "साहेब घरच्या एसीला हीच लावतो" म्हणून. तर ०.०१७५ गुणिले १० भागिले ६, झाले ०.०२९ ओहम, गुणिले ५० म्हणजे जवळपास दीड व्होल्ट वायरमध्येच गेले. वायर गरम होणार ते वेगळंच. घरच्या २३० मध्ये दीड व्होल्ट गेले तर काही कळत नाही, इथं १३-१४ मधून चाललेत, मोटर रडते, हळू फिरते, आणि जास्त वेळ चालते म्हणून जास्त तापते. तेच १६ चौरस मिमी वापरली तर अर्ध्या व्होल्टवर येतं. सीटखाली लावला तर वायर तीन-साडेतीन मीटर, तिथं १६ ची वायर आणखी कमी खाईल.

आणि एक, फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत. कंप्रेसरजवळ फ्यूज लावणारे लोक पाहिलेत मी. अरे बाबांनो, फ्यूज वायर वाचवायला असतो, मोटर वाचवायला नाही. मधली चार मीटर वायर कुठं पत्र्याला घासली तर फ्यूजच्या आधीच शॉर्ट, मग काय करणार तो फ्यूज?

तर्रीवाला
काका, तुम्ही शाळेत शिकवायला पाहिजे होतं.
बाकी बोनेटखाली लावणाऱ्यांनी आपलं गाव विसरू नये. मे महिन्यात बाहेर ४५. २०२४ मध्ये तर एका सेन्सरनं ५६ दाखवून दिलं होतं, साऱ्या देशात बातमी झाली, मग कळलं सेन्सरच बिघडलेला. पण खरं सांगू, आमच्या घरात कोणाला ते ५६ खोटं वाटलं नाही.

संत्राबाग
काका, गणिताबद्दल लई धन्यवाद, वहीत उतरवून घेतलं. मित्राच्या किटमध्ये जी वायर आली ती मोजली, व्हर्नियरनं नाही, डोळ्यानंच, बारीक वाटते.
@वाडीचा_पोट्टा, दादा, तुमच्याकडे मे महिन्यात दहा मिनिटं सलग चालतो का तो?

वाडीचा_पोट्टा
चालते ना. म्हणजे चार टायर होते. मग थोडं थांबतो.

चिखल_आणि_चहा
चासीला लावायचा विचार असेल तर माझी कथा वाचा आणि मग ठरवा. माझी बोलेरो कॅम्पर पिकअप आहे. डाल्याच्या खाली, चासीच्या आतल्या बाजूनं लावला होता, बाहेरून दिसत नाही, एकदम भारी वाटत होतं. ज्यानं बसवून दिला त्यानं सांगितलं वॉटरप्रूफ आहे, काही होत नाही. तो पाण्यानं मेलाच नाही, मातीनं मेला. उमरेडकडे एका लग्नाला गेलो होतो, ऑगस्ट महिना, रस्ता खोदलेला. काळी माती चाकानं उडून कंप्रेसर थंड ठेवणाऱ्या सगळ्या फिन्सच्या (पत्र्यांच्या) मध्ये गच्च बसली, वरून दोन दिवस ऊन पडलं आणि ती माती विटेसारखी झाली. मला काय माहीत. पुढच्या आठवड्यात बटन दाबलं, तीन मिनिटांत थर्मल कटनं (जास्त तापलं की आपोआप बंद करते तो) बंद, परत चालू, परत बंद. खाली आडवा होऊन पाहिलं तर कंप्रेसर दिसेचना, मातीचा गोळा लटकत होता. स्क्रूड्रायव्हरनं खरवडून काढली तेव्हा फिल्टरचं टोपण पण सोबत आलं. पिस्टनच्या रिंगपर्यंत माती गेली होती. फेकून दिला.

वॉटरप्रूफ म्हणजे मोटरमध्ये पाणी जात नाही एवढंच हो. हवा तर तो ओढणारच ना, कुठून ओढते ते बघा.

टायगरट्रेल
+१. मी हेच लिहायला आले होते. कंप्रेसर कुठं बसलाय यापेक्षा तो श्वास कुठून घेतो ते महत्त्वाचं. हायलक्सला कंपनी ७०० मिमी पाण्यातून जाईल म्हणते, पण चासीची उंची त्यापेक्षा कितीतरी खाली आहे. म्हणजे गाडी पार होईल आणि कंप्रेसर पाण्यात बुडून येईल. खालीच लावायचा असेल तर फिल्टर काढून पाइपनं वर न्यावा लागतो, केबिनमध्ये किंवा डाल्याच्या वरच्या कोपऱ्यात. तो पाइप पण जाड घ्यावा लागतो, बारीक घेतला तर स्ट्रॉनं ताक पिल्यासारखं होतं.

संत्राबाग
म्हणजे चासी कटाप. राहिले तीन.

आता मी ठरवलं आहे की कोणाचं ऐकायच्या आधी मोजून पाहायचं. मल्टिमीटरसोबत एक टेंपरेचरची वायर येते ना, थर्मोकपल, ती आहे माझ्याकडे. उद्या बगीच्यात जायचंच आहे. तीन ठिकाणी लावून पाहतो आणि सांगतो.

तर्रीवाला
हा धागा वर राहिला पाहिजे. पॉपकॉर्न नाही, चना-पोहे घेऊन बसलो आहे.

संत्राबाग
घ्या. नागपूर ते काटोल, दुपारी एकला निघालो, बाहेर ४३ होते.

बोनेटखाली, जिथं ब्रॅकेट बसतो त्याच जागी वायर टांगली. हायवेला ८० च्या स्पीडनं चालताना ६२ ते ६५. मला वाटलं ठीक आहे की. मग गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, चहा घेतला, आणि दहा मिनिटांनी पाहतो तर ८१! चालताना कमी, थांबल्यावर जास्त. आधी मीटरवरच शंका आली, बर्फाच्या पाण्यात टाकून पाहिलं, तिथं बरोबर शून्याच्या आसपास दाखवून राहिला. मग लक्षात आलं, गाडी थांबली की वारा बंद, पंखा बंद, आणि इंजिनची सगळी गरमी वर येऊन बोनेटखाली कोंडते. आणि आपण हवा कधी भरतो? गाडी थांबवूनच ना. म्हणजे कंप्रेसरला कामाला लावायचं नेमकं त्याच वेळी, जेव्हा त्याच्या आजूबाजूला सगळ्यात जास्त भट्टी असते.

डाल्यात लोखंडी पेटी ठेवली होती, झाकण बंद, उन्हात उभी गाडी, ५८. झाकण उघडलं तर पाच मिनिटांत ४७ वर आलं.

मागच्या सीटखाली, उन्हात काचा बंद करून उभी होती तेव्हा ५१. एसी चालू करून वीस मिनिटं चालवली की ३३.

३३! मी त्या मीटरकडे बघतच राहिलो.

निवृत्त_वायरमन
शाब्बास. पण एक गोष्ट. बोनेटमध्ये इंजिन चालू ठेवून हवा भरायची असते, बंद करून नाही. बंद करून ५० अँपिअर ओढले तर बॅटरीच बसेल. तेव्हा तुमचे ८१ थोडे कमी येतील, पंखा चालू राहील.

संत्राबाग
हो काका, बरोबर. परत मोजलं. इंजिन चालू, गाडी उभी, ७० ते ७२. तरी ७० च.

वाडीचा_पोट्टा
आता खरं सांगतो, हसू नका. मागच्या उन्हाळ्यात माझी पाइप वितळली होती. कंप्रेसरच्या डोक्यातून जी हवा निघते ती भयानक गरम असते, आणि मी तिथून डायरेक्ट निळी नायलॉनची पाइप लावली होती, ट्रकच्या हवेला असते तशी. चौथ्या टायरला फट्ट असा आवाज आला, मला वाटलं टायरच गेलं. नंतर पहिले अर्धा मीटर स्टीलच्या जाळीवाली होज लावली, तिच्यापुढे नायलॉन. तेव्हापासून ठीक आहे. पण हाव, तो उन्हाळ्यात मधे बंद होते, दोनदा झालं.

तरी माझं म्हणणं तेच आहे, केबिनमध्ये गरम वस्तू नको. सीटखाली आपले लोक काय काय कोंबतात, पॉलिथिन, जुने कपडे, पोट्ट्यांचे चिप्सचे पाकीट. त्या शंभर डिग्रीच्या डोक्याला चिकटलं काही तर?

टायगरट्रेल
ही शंका बरोबर आहे, आणि ती मी पण घेतली होती. माझ्याकडे कंप्रेसर खाली कार्पेटवर नाहीये, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर दोन बोटं उंच आहे, खालून हवा खेळते. डोकं दाराच्या बाजूला आणि पहिली होज स्टीलची, पोट्टा म्हणतो तशीच. त्या अर्ध्या भागात काहीही ठेवायचं नाही हा घरचा नियम, आणि चालू असताना सीट वर उचललेलीच ठेवते. सीट खाली पाडून चालवला तर तिथं पण कोंडणारच.

अजून एक, अगदी महत्त्वाचं. फ्लोअरला ड्रिल मारू नका. ज्याच्याकडे मी आधी गेले होते तो ड्रिल हातात घेऊनच आला, कुठं मारू म्हणे. मी म्हटलं दादा आधी खाली झोपून बघ. पत्र्याच्या खाली डिझेलची टाकी असते, ब्रेकची लाइन असते, वायरिंग असतं. तो म्हणे काही होत नाही. मी गाडी घेऊन परत आले. सीटखाली आधीपासून जे तयार बोल्ट आहेत त्यांनाच पट्टी बसवली, आणि सीटबेल्टच्या बोल्टला मात्र हात लावला नाही. नट नायलॉनवाले लावा, कंपनाने साधे नट सुटतात, आणि खाली रबर बुश.

चिखल_आणि_चहा
ताई, वायर आत कुठून आणली? आणि हवा बाहेर?

टायगरट्रेल
वायर फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) मूळच्या रबरी बुचातून, त्याच्यातच भोक पाडून. पत्र्यात नवीन भोक नाही. मग दाराच्या खालच्या प्लॅस्टिकच्या पट्टीखालून मागे. हवेची लाइन मी बाहेर काढलीच नाही, कपलर (होज जोडायचं तोंड) सीटखालीच आहे, मागचं दार उघडते आणि होज लावते. सीट गाडीच्या मधोमध येते ना, त्यामुळे चारही चाकांना ती पुरते. बोनेटवाल्यांना मागच्या चाकासाठी लांबच लांब होज लागते, गाडी सव्वापाच मीटरच्या वर आहे.

वाडीचा_पोट्टा
सात मीटरची आहे माझी. गुंडाळायला पाच मिनिटं. बरं बरं.

अंबाझरी_काठ
नवीन सदस्य. टाकी लावायची का? ट्रॉलीच्या टायरला उपयोग होईल ना.

निवृत्त_वायरमन
टाकीनं कंप्रेसर मोठा होत नाही. जितकी हवा तो मिनिटाला देतो तितकीच देणार, टाकी फक्त साठवते. टायर भरायला फारसा फरक नाही. रेडिएटर फुंकायला मात्र फरक पडतो, तिथं एकदम जोर लागतो. लावली तर प्रेशर स्विच, सेफ्टी व्हॉल्व आणि सगळ्यात खालच्या टोकाला पाणी काढायचा नळ, हे तीन नसतील तर लावू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात टाकीत पाणी किती जमतं ते एकदा नळ उघडल्यावर कळेल.

संत्राबाग
बसवला!!

पंधरा दिवस गायब होतो, बगीच्याची कामं चालू होती. सीटखाली, डाव्या बाजूला, टायगरट्रेल ताईंच्या पद्धतीनं. वायर १६ चौरस मिमी तांब्याची, कॉटन मार्केटकडच्या दुकानातून, दुकानदार म्हणे इतकी जाड काहून, मी म्हटलं काकांनी सांगितलं. फ्यूज बॅटरीपासून वीतभर. वायरच्या टोकाचे लग हायड्रॉलिक क्रिंपरनं दाबून आणले, हातोड्यानं नाही. रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) चावीच्या लाइनवरून, म्हणजे चावी काढली की कंप्रेसर चालूच होऊ शकत नाही, घरी पोट्टे आहेत.

एक चूक केली ती पण सांगतो. अर्थ मी आधी सीटच्या बोल्टला दिला होता, रंगाच्या वरूनच. कंप्रेसर चालू केला तर आवाज दबलेला, मीटर लावला तर कंप्रेसरच्या टोकावर ११.९ आणि बॅटरीवर १३.८. काकांना फोटो पाठवला, काका म्हणे रंग काय तांब्याचा आहे का. मग दुसरी १६ ची वायर सरळ बॅटरीच्या मायनसपर्यंत नेली. आता १३.३. आवाजातच फरक कळते, आधी म्हैस हंबरल्यासारखा होता.

काल पांधणीतून बाहेर येऊन २० वरून ३५ केले चारही. दर टायरला दोन मिनिटांच्या आतच. मग बगीच्यात ट्रॉलीचं एक टायर, ते ६० च्या पुढे लागते, तिथं बराच वेळ चालला, पाच-सात मिनिटं सलग. थर्मोकपल पट्टीला चिकटवलेलंच आहे, ५२ च्या वर गेलं नाही. सीट उचललेली, दार उघडं, एसी चालू. सालगडी दहा मिनिटं नुसता बघत होता, मग म्हणे, भाऊ, गाडीत एसी लावला तो माणसाले का या मशीनले?

तर्रीवाला
सालगड्याला इथं सदस्य करून घ्या.

वाडीचा_पोट्टा
मान गया भाऊ. मी नाही काढत माझा, पण बोनेट उघडं ठेवून भरत जाईन आता. आणि ट्रॉलीवाल्यांना दिवसभर हवा पाहिजे असेल तर शेतात शेडमध्ये घरगुती मोटरवाला ठेवावा, गाडीतला काय काय करणार.

संत्राबाग
शेडमध्ये लाईट कुठं असते दादा, दुपारी थ्री फेजच नसते.

चिखल_आणि_चहा
संत्राबाग, होजच्या टोकाच्या कपलरला टोपण लावलं का? माझी माती तिथून पण गेली होती.

संत्राबाग
नाही. आत्ताच जाऊन पाहिलं, सीटखाली होज गुंडाळून ठेवली होती, कपलरमध्ये संत्र्याची बी अडकलेली. पोट्ट्याचं काम. उद्या रबराचं टोपण आणतो.